जपूनरावांच्या दोन पेट्या

मोटरसायकलवरून सामान कसं न्यावं हा प्रश्न जपूनरावांना पडला तो एका मंगळवारी सकाळी, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या इमारतीला पडलेला होता.

जपूनराव विमा कचेरीत अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर बसत. माणसं कशी कशी पडतात, आपटतात, भाजतात आणि चेंगरतात हे त्यांनी बावीस वर्षं रोज साडेदहा ते साडेपाच वाचलं होतं, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला होता. जिना उतरणाऱ्याला ते "जपून" म्हणत. पेन्सिलीला टोक करणाऱ्याला "जपून" म्हणत. साहेबांना बढती मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं "जपून" निघून गेलं. साहेबांनी त्याचे बरेच अर्थ लावले. तेव्हापासून कचेरीत ते जपूनराव झाले, आणि नाव असं काही चपखल बसलं की घरी रागाच्या भरात बायकोच्या तोंडीही तेच येऊ लागलं.

त्या मंगळवारी थोरल्या मेहुणीचा फोन आला. तिला सगळेच ताई म्हणत. ताईचे यजमान, म्हणजे जपूनरावांचे साडू, डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर दीपगृहाचे राखणदार होते. एकतीस वर्षं ती दोघं त्या दिव्याखाली राहिली होती. आता साडू निवृत्त होत होते. महिनाअखेर सरकारी घर सोडायचं आणि मुलाकडे जायचं, तेही इतकं दूर की पुन्हा भेट कधी हे कोणी सांगू नये. "निघायच्या आधी एकदा येऊन जा," एवढंच ताई म्हणाली. जपूनरावांच्या बायकोला आई आठवत नव्हती. तिला न्हाऊमाखू घालून, धपाटे घालून वाढवली ती ताईनंच. तिनं फोनवर लगेच "येते" म्हटलं.

येते म्हणणं सोपं होतं. डोंगराच्या अलीकडे नदीवर जुना पूल होता. त्याच्या एका खांबाला तडा गेल्यामुळे वर्षभर तिथून बस, मोटार, टेम्पो सगळं बंद होतं. पायी माणूस आणि दुचाकी एवढंच सोडत. म्हणजे जायचं तर जपूनरावांच्या मोटरसायकलवरून. ही गाडी शंभर सीसीची. तिचं सगळं आयुष्य घर ते कचेरी आणि कचेरी ते भाजीबाजार ह्यात गेलेलं. चाळीसच्या वर तिला कधी कोणी नेलं नव्हतं आणि तिनंही कधी हट्ट धरला नव्हता. आता तिला जायचं होतं एकशे ऐंशी किलोमीटर, त्यात तो पूल, आणि पुलानंतर चौदा वळणांचा घाट.

बायकोनं विचारलं, "न्याल ना?"

"नेतो की," जपूनराव म्हणाले. मग फार जबाबदार चेहरा करून त्यांनी विचारलं, "पण सामानाचं काय?"

सामान हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांना हायसं वाटलं. पूल, घाट, दरी ह्यांच्यापुढे माणसाचं काही चालत नाही. सामानापुढे चालतं. ते उचलता येतं, मोजता येतं, बदलून आणता येतं. भीतीला काहीतरी काम दिलं की ती जरा गप्प बसते, हे जपूनरावांना अनुभवानं माहीत होतं. महिनाअखेरीला चोवीस दिवस होते. घाईचं काही कारण नव्हतं.

समोरच्या दारात एक निवृत्त ग्रंथपाल राहत. ते स्वतः कधी शहराबाहेर पडले नव्हते, पण प्रवासवर्णनांचं कपाट आयुष्यभर त्यांच्या ताब्यात होतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वाटेबद्दल त्यांचं मत तयार असे. त्यांनी जपूनरावांना खुर्चीत बसवून सांगितलं की वाळवंटात माणसं तहानेनं मरत नाहीत, पाण्याची पिशवी चुकीच्या बाजूला बांधल्यानं मरतात. प्रवास म्हणजे तोल, आणि तोल म्हणजे सामान. जपूनरावांना हे इतकं पटलं की घरी येऊन त्यांनी आधी दोन ग्लास पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी ते बॅगांच्या दुकानात गेले. दुकानदारानं पाठीवरची बॅग दाखवली. जपूनरावांना लगेच एक दावा आठवला: चढावर गाडी थांबवली असताना एक गृहस्थ अशा बॅगेसकट मागे कलंडले होते आणि उलट्या कासवासारखे हातपाय हलवत पडून राहिले होते, कोणी येऊन त्यांना सरळ करीपर्यंत. मग दुकानदारानं पेट्रोलच्या टाकीवर ठेवायची बॅग काढली. त्या प्रकारात वळण घेताना बॅग भोंग्याच्या बटणावर दाबली जाऊन भोंगा थांबेना, तेव्हा पुढे चाललेली म्हैस बुजली होती, आणि दावा गाडीवाल्यानं करायचा की म्हशीच्या मालकानं ह्यावर कचेरीत आठवडाभर खल झाला होता. मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळायच्या बॅगेत पट्टा सुटून साखळीत जाण्याचा धोका होता. ह्या तिसऱ्या दाव्यात पुढे काय झालं ते जपूनरावांनी सविस्तर सांगितलं, तेव्हा दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं काहीही न घेता निघून गेली. दुकानदारानं हात जोडून त्यांना बसनं जायचा सल्ला दिला, आणि ती गोष्ट शक्य नाही हे कळल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कापडी पिशव्यांची जोडी "वापरून बघा, नाही आवडली तर परत करा" म्हणून जवळजवळ अंगावर घातली.

वापरून बघायचा मुहूर्त रविवारी सकाळी धरला. पिशव्यांत वजन भरायला हवं म्हणून ग्रंथपालांनी पाटबंधारे खात्याचे जुने बांधीव अहवाल दिले. त्यांचा दुसरा काही उपयोग आजवर सापडला नव्हता. इमारतीतले लोक गच्चीवर आणि खिडक्यांत जमले. जपूनरावांनी शिरस्त्राण घातलं, गाडी सुरू केली, आणि गल्लीला मोठ्या सावकाशीनं तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला हात केले. तिसऱ्या फेरीला सगळेच जोरजोरानं हात हलवायला लागले, तेव्हा जपूनरावांनीही मान लववून नमस्कार केला. उजवी पिशवी तापलेल्या सायलेन्सरला टेकली होती आणि मागून पांढरा धूर निघत होता, हे त्यांना सोडून सगळ्या गल्लीला दिसत होतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बोलण्यात वेळ न घालवता वरून एक बादली पाणी नेमकं त्यांच्या डोक्यावर ओतलं. पाटबंधारे खात्याचे अहवाल अर्धे जळून अर्धे भिजले. ग्रंथपाल म्हणाले की त्या खात्याला एवढं पाणी वेळेवर मिळाल्याची ही पहिलीच नोंद असेल.

जपूनराव हसले नाहीत. त्यांना दिसत होता तो घाट, नववं-दहावं वळण, मागे बसलेली बायको आणि तिच्या पायाशी पेटलेली पिशवी. तिथे वरून पाणी ओतायला आजी कुठून आणायच्या?

म्हणून मग लोखंड. कोपऱ्यावर एक वेल्डर होता. त्यानं जन्मभर फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या. मोटरसायकलचा सांगाडा त्यानं पूर्वी केला नव्हता, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चार दिवसांनी त्यानं दोन बाजूंना दोन जाड पत्र्याच्या पेट्या आणि त्या पेलायला एक सांगाडा बसवून दिला. सांगाड्याच्या मधोमध सवयीनं लोखंडी फूल काढलं होतं. दोन पेट्यांचं वजन रिकाम्या असताना सव्वीस किलो भरलं. त्या चढवल्यावर गाडीचं पुढचं चाक हलकं झालं आणि ती उभी केली की नाक वर करून, कोणी ओळखीचं येतंय का बघितल्यासारखी बघत राही. पण पेट्या जळणार नव्हत्या, फाटणार नव्हत्या, साखळीत जाणार नव्हत्या. जपूनरावांना दोन रात्री बरी झोप लागली.

तिसऱ्या दिवशी कचेरीत जाताना चौकातल्या पोलिसानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, ह्याची परवानगी आहे का? परवानगी हा शब्द ऐकला की जपूनरावांच्या तळहातांना घाम सुटे. ते तसेच वाहन कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीनं त्यांना सात नंबरकडे पाठवलं. सात नंबरच्या कारकुनानं नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं आणि सांगितलं की गाडीच्या बाजूला जे काही जोडलं जातं त्याला नियमात एकच नाव आहे, बाजूगाडी, आणि बाजूगाडीला स्वतःचं चाक असावं लागतं. जपूनराव म्हणाले की ह्या पेट्या आहेत, ह्यांना चाक नाही. कारकून म्हणाला, तेच तर, म्हणजे ही सदोष बाजूगाडी झाली. ह्या मुद्द्यावर तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आतल्या अधिकाऱ्यानं तोडगा काढला. पेट्या कायमच्या जोडलेल्या नसतील, हातानं फिरवायच्या चार मळसूत्रांनी निघत असतील, तर ती बाजूगाडी नव्हे आणि काहीच नव्हे. वेल्डरनं मळसूत्रं बसवली, तपासनिसानं ती स्वतः फिरवून पाहिली, आणि दोन शिक्क्यांचा दाखला मिळाला: "सदर दोन पेट्या वाहनाचा भाग नसून सुटे सामान आहे." हाती दाखला आला तेव्हा जपूनरावांचा ऊर भरून आला. त्यांनी त्याला प्लास्टिकचं वेष्टण करून घेतलं.

ह्या सगळ्या दिवसांत बायको रोज सकाळी ताईला फोन करी आणि "हो, निघतोच आहोत" म्हणे. ते "निघतोच" दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

महिनाअखेरीला सहा दिवस उरले तेव्हा जपूनराव स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेट्यांत काय भरायचं त्याची यादी वाचत होते. जादा ट्यूब, क्लचची तार, दोर, विजेऱ्या दोन, कापूस, मलमपट्ट्या, हाड मोडलं तर बांधायच्या लाकडी पट्ट्या, ओलसर जागेत काडेपेटी पेटावी म्हणून मेण, विमा पॉलिसीच्या प्रती तीन. एवढं भरल्यावर बायकोच्या कपड्यांना जागा राहत नव्हती, म्हणून पेट्या दोन इंच वाढवून घ्याव्यात का, असा विचार चालला होता. बायको समोर शेंगा सोलत होती.

"शिट्टी एक पुरेल की दोन?" त्यांनी विचारलं. "म्हणजे दरीत आपण वेगवेगळ्या ठिकाणी पडलो तर..."

तिनं परात बाजूला सारली.

"तुम्हाला पेट्या नको होत्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "तुम्हाला न जायला कारण हवं होतं."

जपूनरावांनी निषेध करायला तोंड उघडलं. सुरक्षितता, नियोजन, जबाबदारी असे चांगले चांगले शब्द जिभेवर आले. पण ती त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे एकही शब्द उभा राहीना.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. "जपून" त्यांनी तिला लाखदा म्हटलं असेल. हे पहिल्यांदाच म्हटलं.

"मलाही वाटते."

"तुला? पुलाची?"

"तीस तारखेची. ताई निघून जाईल आणि मी इथे बसून तुमच्या शिट्ट्या मोजत असेन, त्याची." तिनं परात पुन्हा ओढली. "परवा सकाळी निघायचं. नाहीतर मी पायी निघते. पायी माणसाला पूल चालतो."

परवा सकाळी ते निघाले. ग्रंथपाल फाटकापर्यंत आले आणि तोलाबद्दल काही सांगू लागले, तोवर बायकोनं "चला" म्हटलं.

पहिले शंभर किलोमीटर कसे गेले ते जपूनरावांना पुढे कधीच नीट आठवलं नाही. आठवत होते ते मागून येणारे ट्रक. प्रत्येक ट्रक आधी आरशात दिसे, मग आरशात मावेनासा होई, मग कानाशी येई, आणि गेल्यावर त्याचा वारा गाडीला असा ओढी की पेट्यांसकट गाडी साप चालावा तशी चाले. प्रत्येक वेळी जपूनराव मनातल्या मनात दाव्याचा अर्ज भरत. अपघाताची वेळ, ठिकाण, साक्षीदार. साक्षीदाराच्या रकान्याशी आले की ट्रक गेलेला असे आणि पुढचा येत असे. हात इतके घट्ट आवळले होते की चहाला थांबल्यावर बोटं मुठीतून सरळ होईनात. बायकोनं एकेक बोट धरून ती सोडवली आणि त्यात कप ठेवला.

अकराच्या सुमाराला पूल आला. अलीकडे आडवा बांबू, बांबूपाशी खोपटं, आणि खोपट्यात एक पहारेकरी. बाहेर पाटी: फक्त पादचारी व दुचाकी, रुंदी कमाल तीन फूट. पहारेकऱ्यानं गाडी बघितली, पेट्या बघितल्या, आत जाऊन फीत आणली आणि ह्या पेटीच्या कडेपासून त्या पेटीच्या कडेपर्यंत धरली. तीन फूट पाच इंच.

"नाही जाता येणार," तो म्हणाला.

त्या क्षणी जपूनरावांच्या अंगातून जे काही सळसळत गेलं त्याला आनंद म्हणायची त्यांना पुढे कायम लाज वाटली. पण तो आनंदच होता. सरकारी कारण होतं ते, फितीनं मोजलेलं. त्यांचा काही दोष नव्हता. शक्य तितका पडलेला चेहरा करून ते बायकोकडे वळले. "बघ ना. पाच इंचांनी."

बायको उतरली. तिनं त्यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, वेष्टण घातलेला दाखला काढला आणि पहारेकऱ्यापुढे धरला. त्यानं तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचला: सदर दोन पेट्या वाहनाचा भाग नसून सुटे सामान आहे. मग खाली वाकून त्यानं मळसूत्र फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं.

"मग काढा की साहेब," तो म्हणाला. "ठेवा माझ्याकडे. वर्षभर नाही आलात तरी कुठे जात नाहीत."

पेट्या निघाल्या. चोवीस दिवसांतले अठरा दिवस ज्यात गेले होते ते सगळं, दोर, मेण, शिट्ट्या, लाकडी पट्ट्या, खोपट्यातल्या बाकाखाली गेलं. बायकोनं दोघांचे कपडे आणि ताईसाठी विणलेला स्वेटर चादरीत गुंडाळून ते गाठोडं आपल्या पाठीशी बांधलं. मलमपट्टीचं एक बंडल खिशात घालायची तेवढी परवानगी जपूनरावांनी मागितली आणि ती त्यांना मिळाली. पहारेकऱ्यानं वहीचं पान फाडून पावती लिहून दिली: पेट्या दोन, भरलेल्या, अवस्था चांगली. मालक घाबरलेले.

पुलावर ते पहिल्या गिअरमध्ये चालले. डाव्या हाताला कठडा मधेच संपला होता आणि तिथे नुसता दोर बांधला होता. फटींतून खालचं पाणी दिसत होतं.

"पूल हलतोय," जपूनराव म्हणाले.

"तुम्ही हलताय," मागून आवाज आला.

पलीकडे घाट सुरू झाला आणि चौथ्या वळणावर धुक्यानं गाठलं. पुढचं दहा हातांवरचं दिसेना. दरी उजवीकडे आहे हे माहीत होतं, पण ती दिसत नव्हती, आणि न दिसणारी दरी ही दिसणाऱ्या दरीपेक्षा फार खोल असते. पाय ब्रेकवर थरथरत होता आणि गाडी त्या थरथरीनं अडखळत उतरत होती. कडेला घेऊन थांबावं म्हटलं तर मागून कोणी आलं तर काय, आणि जावं म्हटलं तर पुढे काय. बायकोला ते त्यांच्या पाठीतून कळलं असावं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बोला काहीतरी. मनात ठेवू नका. ते सगळे दावे सांगा मला."

आणि जपूनराव सांगू लागले. बावीस वर्षांत घरी कधी न सांगितलेले, जेवताना गळ्याशी आलेले, झोपताना गिळलेले. शिडीवरून पडलेला रंगारी. भोंगा आणि म्हैस. उघड्या गटारात गेलेले तालमीचे उस्ताद. धुक्यात त्यांचा आवाज चढत होता, मधेच चिरकत होता, पण वळणं मागे पडत होती. पाच, सहा, सात. उस्तादांच्या गोष्टीला बायको हसली. जपूनरावांना ती गोष्ट कधी विनोदी वाटली नव्हती. त्यांनी ती पुन्हा आठवून पाहिली.

नवव्या वळणावर खडी होती. मागचं चाक अलगद बाजूला गेलं, गाडी डावीकडे, डोंगराच्या अंगाला कलली, आणि ती दोघं रस्त्यावर बसल्यासारखी पडली. गाडी घरघरत बंद पडली. मग काहीच आवाज नाही.

बावीस वर्षं जपूनराव ज्या अपघाताची वाट बघत होते तो झाला होता. त्यांनी हात हलवला, पाय हलवला, बायकोकडे पाहिलं. तिचं कोपर खरचटलं होतं, त्यांचा गुडघा फुटला होता, आणि गाडीचा एक आरसा तडकला होता. एवढंच. पेट्या असत्या तर पाय त्यांच्याखाली सापडला असता की त्यांच्यामुळे वाचला असता, ह्यावर ते दोन्ही बाजूंनी दावा लढवू शकले असते. पण मलमपट्टीचं बंडल त्यांना काही केल्या उघडता आलं नाही. तिनंच उघडलं, आधी त्यांना बांधलं, मग स्वतःला.

पडल्यावर माणसाची भीती जाते असं म्हणतात. जपूनरावांची गेली नाही. आता कसं पडतात ते नेमकं कळलं होतं, त्यामुळे उरलेल्या पाच वळणांना ती उलट जास्त रेखीव झाली. फक्त ते थांबले नाहीत, आणि सांगायचेही थांबले नाहीत.

दिवस मावळता मावळता ते दीपगृहाशी पोचले. ताई धावत आली, धाकटीला मिठीत घेतलं, कोपराकडे बघून तिला आणि मग जपूनरावांनाही रागावली. सामान कुठंय म्हणून विचारलं तेव्हा बायकोनं पाठीवरचं गाठोडं सोडलं.

घरात मात्र सामानाचा डोंगर होता. सकाळी साडूंनी जपूनरावांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तीन आठवडे हेच चाललंय. ताई ट्रंक भरते, उपसते, दुसरी आणायला सांगते. हिला कडी नाही, तिला गंज आहे, ही लहान, ती नको एवढी मोठी. आता बोट यायला दोन दिवस राहिले आणि एकही ट्रंक बंद झालेली नाही. साडूंना ह्याचा उलगडा होत नव्हता. जपूनरावांना एका वाक्यात झाला.

ते आत गेले. ताई जमिनीवर बसून एका ट्रंकेचं झाकण उघडझाप करत होती. जपूनराव शेजारच्या ट्रंकेवर बसले. गुडघा दुखत होता.

"ताई," ते म्हणाले, "काय न्यायचं ते ठरत नाहीये, की जायचं ते?"

ताईनं झाकण धरून ठेवलं. ती म्हणाली, "एकतीस वर्षं रोज वर दिवा लागला की मला झोप यायची. तिथे कशी येईल?"

येईल हो, असं म्हणणं सोपं होतं. जपूनरावांनी ते म्हटलं नाही, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. "मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण कोणाला तरी सांगितलं की एक वळण जातं."

मग दोघांनी मिळून त्या दिवशी तीन ट्रंका बंद केल्या. धाकटीनं कड्या लावल्या.

राहता राहिला परतीचा प्रश्न. खात्याची बोट एकोणतिसाला येणार होती. साडू म्हणाले की बोट आम्हाला तुमच्याच शहराच्या बंदरात सोडणार आहे हे कालच कळलं, तेव्हा तुम्हीही चला, गाडीसुद्धा मावेल. घाट नाही, पूल नाही. समुद्रातून सगळा दिवस जाईल एवढंच.

बायको लगेच म्हणाली, "नको नको. ह्यांना पोहता येत नाही. आम्ही आपले घाटानंच जाऊ." तिनं ते सहज म्हटलं, पण म्हणताना तिचा हात ताईच्या हातावर होता आणि तो तिथून उचलला गेला नाही.

जपूनरावांनी खिडकीतून समुद्राकडे बघितलं. तो फार होता. घाटाला निदान एका बाजूला डोंगर असतो, ह्याला दोन्ही बाजूंना दरीच. बुडण्याचे दावे त्यांच्या टेबलावर क्वचित येत. ते का येत नाहीत ह्याचं कारण त्यांना ठाऊक होतं: दावा करायला माणूस लागतो.

"बोटीनं जाऊ," ते म्हणाले.

बोट सुटली तेव्हा ते बरोबर मधोमध, ट्रंकांच्या गराड्यात, अंगात तरंगायचं जाकीट, त्यावर दुसरं तरंगायचं जाकीट, असे बसले होते. मान वळवली तर बोट कलेल अशी त्यांची पक्की समजूत होती, म्हणून डोळे समोर लावून, लाट आली की श्वास धरून, लाट गेली की सोडून, ते दिवसभर तसेच बसून राहिले. दोघी बहिणी मागे टोकाशी बसल्या होत्या. इंजिनाच्या आवाजात त्या काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, पण हसल्या की कळत होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून जपूनरावांनी ते मोजलं. बंदर येईपर्यंत त्या सव्वीस वेळा हसल्या. त्यातलं निम्मं तरी आपल्यावर असणार, असा त्यांचा अंदाज होता.